‘साध्या गाठीला एवढा खर्च’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं की वडिलांच्या गालातली गाठ चरबीची आहे, दहा मिनिटांत काढतो असं आधीचे डॉक्टर म्हणाले होते, आम्ही मात्र सुईची तपासणी, एमआरआय, पूर्ण भूल सगळं करायला लावलं आणि शेवटी बारा दिवसांनी रिपोर्ट आला श्वानोमा, म्हणजे कॅन्सर नाहीच. वर तीन आठवडे ओठ वाकडा. पेशंटची माहिती इथे उघड करणं बरोबर नाही, म्हणून तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो.

श्वानोमा म्हणजे नसेच्या आवरणातून वाढणारी गाठ. चरबीची गाठ हळू वाढते, सहसा दुखत नाही, आणि ही पण बऱ्याचदा तशीच वागते, त्यामुळे नुसता हात लावून मलाही फरक सांगता येत नाही, आणि सुईत दरवेळी पुरेशा पेशी येतातच असं नाही. गालात चेहऱ्याच्या नसेच्या फांद्या पसरलेल्या असतात, लाळेची नळीपण तिथूनच तोंडात उघडते. चरबी समजून गाठ ओढून काढली आणि ती नसेवरची निघाली तर हसताना तोंड कायमचं एका बाजूला जाऊ शकतं. पूर्ण भूल का, तर लोकलच्या इंजेक्शनने ती नसच बधिर होते, मग हलका करंट देऊन नस ओळखणाऱ्या मशीनने ती शोधायची कशी?

ओठाचं म्हणाल तर, नस तशीच ठेवून गाठ तिच्यावरून सोलून काढताना तिच्यावर ताण येतो, सूज येते, आणि ती पूर्ववत व्हायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. आता ओठ बरा आहे असं तुम्हीच लिहिलंय, ते वाचून खरंच हायसं वाटलं. पण हे तुम्हाला ऑपरेशनच्या आधी समोर बसवून सांगायला हवं होतं, फॉर्मवर सही घेतली म्हणजे सांगितलं असं होत नाही. तीन आठवडे घरात काय काळजी असेल, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

रिपोर्टला बारा दिवस लागले कारण एस-१०० नावाचं वेगळं स्टेनिंग, म्हणजे पेशी खास रंगाने रंगवून बघायची तपासणी, करावं लागलं, गाठ नसेच्या आवरणाचीच आहे हे ठरवायला त्याची मदत होते. त्याचं जादा बिल आधी सांगितलं नाही ही चूक आमचीच, ते पैसे परत करतो, काउंटरवर पावती दाखवा. आणि गाठीच्या स्लाइड्स आम्ही जपून ठेवतो, दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवायच्या असतील तर खुशाल घेऊन जा.