जो जॅक्सन निर्दोष होता म्हणे!

२०२५ च्या मे मध्ये मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य बेसबॉल लीगने, शिकागो व्हाइट सॉक्स टीमच्या शूलेस जो जॅक्सनचं नाव बंदीच्या यादीतून काढलं तेव्हापासून एक पोस्ट फिरतेय, की बिचारा निर्दोष होता, पैसे घेऊन मुद्दाम हरल्याचा आरोप असलेल्या १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (म्हणजे फायनलमध्ये) .३७५ च्या बॅटिंग सरासरीने खेळला, एकही एरर (फिल्डिंगची चूक) नाही, कोर्टाने पण सोडला, अडाणी माणसाला उगाच अडकवला. मला स्वतःला जॅक्सनची बॅटिंग जाम आवडते, १९११ मध्ये .४०८ मारून पण टाय कॉब नावाच्या दुसऱ्या बॅट्समनच्या .४२० मुळे सरासरीचं टायटल हुकलं असला नशिबाचा माणूस, बेब रूथसारखा गाजलेला बॅट्समन म्हणायचा मी स्विंग त्याचाच उचलला. पण म्हणून काहीही?

आधी ते .३७५. ३२ वेळा बॅटिंग, १२ हिट, आकडा खराय. पण हिट कधी पडल्या ते बघा ना. पहिल्या पाच मॅचमध्ये चौथ्या नंबरच्या ह्या बॅट्समनच्या खात्यात एक पण आरबीआय नाही, म्हणजे त्याच्या बॅटिंगवर कोणी धाव पूर्ण करून घरी (होम प्लेटला) आलंच नाही, आणि त्या पाचातल्या चार व्हाइट सॉक्स हरले. सहाच्या सहा आरबीआय शेवटच्या तीन मॅचमधले. अख्ख्या सिरीजमधला एकमेव होमर (आपल्या षटकारासारखा फटका) त्याचा हे पण खरं, पण तो आठव्या मॅचला, समोरची टीम सिनसिनाटी ५-० ने पुढे असताना! आता ह्यावरून तो मुद्दाम खराब खेळला असं सिद्ध होत नाही, दुसऱ्या मॅचला तीन हिट होत्याच की, पण सरासरी दाखवून क्लीन चिट पण मिळत नाही. फिक्सिंगच्या बातम्या आपण काय कमी वाचल्यात का, स्कोअरकार्ड चांगलं दिसणं म्हणजे काही पुरावा नसतो.

"कोर्टाने सोडला." हो, ऑगस्ट १९२१ मध्ये. पण जजने ज्युरीला सांगितलं होतं की नुसतं मॅच हरायचं ठरवलं हे पुरेसं नाही, लोकांना फसवायचा हेतू सिद्ध व्हायला हवा. त्यात कबुलीजबाबाचे सही केलेले कागदच गायब झाले (कमाल आहे ना). दुसऱ्याच दिवशी बेसबॉलचा कमिशनर लँडिसने व्हाइट सॉक्सच्या आरोप असलेल्या आठही खेळाडूंना कायमचं बाहेर काढलं.

आणि कबुली काय होती? सप्टेंबर १९२० मध्ये ग्रँड ज्युरीसमोर जॅक्सन स्वतः म्हणाला की २०,००० डॉलरचं ठरलेलं, टीममधल्याच लेफ्टी विल्यम्सने ५,००० दिले. खेळलो मात्र जिंकायलाच, असं पण त्याच साक्षीत. बरं, अडाणी होता, वकिलाने गंडवला असं धरू. मग १९२४ मध्ये मिलवॉकीत क्लबवर केलेल्या पगाराच्या केसमध्ये त्याने हेच सगळं नाकारलं त्याचं काय? ज्युरी त्याच्या बाजूने गेली, पण जुनी साक्ष समोर आल्यावर जजने खोटी साक्ष म्हणून निकालच फिरवला.

ते २०२५ चं पण निर्दोष वगैरे नाहीये, माणूस गेला की बंदी संपली एवढाच तो नियम, बेटिंगमुळे बंदी झालेल्या पीट रोझला पण तोच लागला.

कोणाची बाजू घ्यायचीच असेल तर त्याच आठातल्या बक वीव्हरची घ्या. .३२४ मारले, एक पैसा घेतला नाही, फक्त माहीत असून गप्प बसला म्हणून गेला, आणि नाव साफ करायला अर्ज करत करतच १९५६ मध्ये वारला, त्याची पोस्ट कोणी फिरवत नाही.