हात ढिला सोडा

माझ्या उजव्या हाताचं माप सध्या सासरच्या समस्त मंडळींना तोंडपाठ आहे. नणंदेच्या मुलीचं लग्न कोल्हापुरात, चुडा भरायचा कार्यक्रम घरीच, हॉलच्या मधोमध सतरंजीवर कासारीण मावशी पेटी उघडून बसलेल्या. नवरीचे हात चुटकीसरशी भरून झाले. तिचं माप सव्वादोन, तिला काय! मग बायका मानाप्रमाणे पुढे सरकत गेल्या आणि माझी पाळी आली.

मावशींनी माझा हात धरला, अंगठ्याखालचा मांसल भाग दोनदा दाबला आणि म्हणाल्या, "ताई, दोन-आठ न्हाई बसायचं. दोन-दहा लागंल."

आता, ज्यांच्यावर हा प्रसंग आला नसेल (म्हणजे पुरुष) त्यांच्यासाठी सांगते. बांगडीचं माप म्हणजे तिच्या आतल्या पोकळीचा व्यास, तोही इंच आणि इंचाचे सोळावे भाग असा. दोन-चार म्हणजे दोन इंच आणि वर चार सोळांश, म्हणजे सव्वादोन. दोन-आठ म्हणजे अडीच. डब्यावर हे २.४, २.८ असं छापतात, आणि इथेच माझं टाळकं फिरतं, कारण मी शाळेत गणित शिकवते. २.१० पेक्षा २.८ मोठं, हे पोरांच्या डोक्यात शिरावं म्हणून मी दरवर्षी घसा फोडते. आणि बांगडीच्या दुकानात २.१० हे २.८ पेक्षा मोठं निघतं. १९५७ साली रुपयातले सोळा आणे गेले, पाठोपाठ मेट्रिक मापं आली, सगळा देश दशांश चिन्हाला शरण गेला. बांगडीने मात्र सोळा भाग काही सोडले नाहीत, वर दशांश चिन्ह फुकटात वापरायला घेतलं. ऑनलाइन मागवायला जा, मापं चढत्या क्रमाने लावा, की २.१० बिचारं २.२ च्याही आधी जाऊन बसतं. ते यंत्र माझ्या बाजूचं आहे, एवढंच समाधान.

असो. मावशींचं वाक्य हवेत विरलं असतं. पण कोपऱ्यातल्या खुर्चीत अण्णा होते.

अण्णा म्हणजे नणंदेचे थोरले दीर. सारी नोकरी उद्यमनगरातल्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शन खात्यात. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांच्या हाताखालून पास झाल्याशिवाय घरात अजून कुकरची शिट्टीसुद्धा लागत नाही. प्रवासाला निघताना लोक औषधांची पिशवी घेतात, अण्णा व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचे दशांशही मोजणारं जबड्यांचं माप, घेतात. तो त्यांनी रेक्झिनच्या म्यानातून काढला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"मावशी, तुम्ही अंदाजानं सांगताय. अंदाजावर काय चालतंय का? वहिनी, अंगठा आत घ्या. करंगळीकडं. अजून. हां. आता हालू नका."

व्हर्निअरचे गार जबडे माझ्या बोटांच्या मुळांवरल्या हाडांना येऊन भिडले. हॉलमध्ये शांतता. बाहेर मांडववाल्याचा हातोडासुद्धा थांबला होता.

"अडुसष्ट पॉइंट चार मिलिमीटर," अण्णांनी जाहीर केलं. "अडीच इंच म्हणजे त्रेसष्ट पॉइंट पाच. दोन-दहा म्हणजे सहासष्ट पॉइंट सात. दोन्हीत बसत नाही."

"दोन-दहातपण नाही?" धाकटी जाऊ. काळजीच्या सुरात, पण लांबच्या खोलीतही ऐकू जाईल अशी काळजी.

"थांबा," अण्णा म्हणाले, "जॉब गरम आहे."

जॉब म्हणजे मी.

"सकाळपासून राबताय, त्यात हा उकाडा. हात फुगलाय. जॉब थंड झाल्याशिवाय फायनल माप घ्यायचं नसतं." त्यांनी एका पोराला फ्रिजकडे पिटाळलं. थोड्याच वेळात मी, नेसूची इरकल सावरत, गार पाण्याच्या पातेल्यात हात बुडवून बसले होते आणि समोर एक लांबची चुलतनणंद फोनवर कुणाला तरी सांगत होती, "नाही गं, भाजलं-बिजलं नाही, माप घेतायत."

दुसरं रीडिंग सदुसष्ट पॉइंट एक. अण्णा खूश. तरी चार दशांश मिलिमीटर उरत होतेच.

इतका वेळ मावशी पान चघळत बघत होत्या. आता त्यांचा संयम सुटला. "अवो अण्णा, हात काय लोखंडाचा हाय व्हय? हाड दुमडतंय, मास सरकतंय. बांगडी जातीया."

"म्हणजे कॉम्प्रेशन धरायचं," अण्णांनी खिशातून डायरी काढली. "किती धरू?"

"किती म्हंजे?" मावशी म्हणाल्या. "सोसंल तेवढं."

अण्णांनी ते लिहून घेतलं. मी डायरीत डोकावले. 'अलाउन्स – सोसेल तेवढा.'

मग चाचणी. अण्णांच्या शास्त्राप्रमाणे बांगडी म्हणजे साधं रिंग गेज. जॉब आत गेला तर 'गो', अडकला तर 'नो-गो'. मावशींनी आधी दोन-आठची एक हिरवी बांगडी चढवून बघितली. ती हाडांपाशी ठाम उभी राहिली. "नो-गो!" अण्णा. आता दोन-दहा. "ताई, हात ढिला सोडा."

हे वाक्य ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला हात होते की नाही, मला शंका आहे. मावशी ओढतायत, काच हाडावर चढलीय, भोवती आख्खं वऱ्हाड वाकून बघतंय, कानाशी अण्णा 'स्लो, स्लो' म्हणतायत, आणि हात ढिला सोडायचा! तरी सगळेच म्हणत होते. जाऊ म्हणत होती, आत्याबाई म्हणत होत्या, पाणी आणलेलं पोरगंसुद्धा म्हणालं, "मामी, हात ढिला सोडा."

बांगडी गेली. "गो!" अण्णा ओरडले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत गेल्यावर ती मनगटावरून घरंगळत थेट कोपराकडे निघाली, कारण माझं मनगट चांगलं बारीक आहे. मनगटाला दोन-चारसुद्धा चालेल. पण मनगटाचं माप कोण विचारतो? बांगडी राहणार मनगटावर, माप घेणार मुठीच्या हाडांचं, आणि त्या एका चेपाचेपीवरून बाईला कायमचा नंबर चिकटणार.

त्यावर आत्याबाई मायेने म्हणाल्या, "असू दे गं. कामाचा हात आहे."

या 'असू दे'ने मी अजून धुमसते आहे. मी तक्रार केली होती का? कुणी आरोप ठेवला होता, म्हणून ही माफी? आमचे हे दहा नंबरची चप्पल घालतात. चपलांच्या दुकानात आजवर कुणी 'असू दे, कामाचा पाय आहे' म्हटलेलं मी ऐकलं नाही. नाजूक हाताला कौतुक, मोठ्या हाताला समजूत. आणि तो हात मोठा झाला कशाने? त्याच घरातली पुरणयंत्रं फिरवून, पिंपं उचलून, आंब्याच्या पेट्या आत-बाहेर करून. हाडं आईकडून आली असतील, पण सांध्यांवरच्या गाठी मात्र इथल्याच आहेत. नवरीला कुणीतरी कौतुकाने म्हणालंसुद्धा, "हिला काही कामं करायला लावलेली दिसत नाहीत." हे तिच्या आईसमोर. आई हसली, पण तिचा हातही दोन-आठचा आहे.

रात्री घरच्या ग्रुपवर अण्णांनी तक्ता टाकला. 'चुडा मापे – अंतिम.' अनुक्रमांक, नाव, डावा, उजवा, शेरा. लावला होता उतरत्या क्रमाने. अनुक्रमांक एकवर मी. डावा दोन-आठ, उजवा दोन-दहा, शेरा – 'उजवा गरम'. खाली सोळा अंगठे. एक अंगठा आमच्या ह्यांचा.

दुसऱ्या दिवशी रिसेप्शनच्या साडीवर मोरपंखी बांगड्या घ्यायला महाद्वार रोडला गेले. गल्ल्यावरच्या मुलाने माझ्याकडे नाही, हाताकडे बघितलं.

"दोन-दहात मोरपंखी नाही काकू. मोठ्या मापात हिरवा, लाल, चॉकलेटी."

"आणि हे समोर मांडलंय ते?"

"ते दोन-चार, दोन-सहा."

"मोठ्या हाताच्या बायकांना मोरपंखी आवडत नाही, असं कुणी ठरवलं?"

"मालच तसा येतो."

"कुठून?"

"फिरोझाबादवरून."

म्हणजे दाद मागायची तर उत्तर प्रदेशात. मी म्हटलं, निदान डाव्या हाताच्या दोन-आठ आणि उजव्याच्या दोन-दहा, अशा सहा-सहा दे. तर डबा फोडत नाही म्हणाला. माणसाचे दोन हात एका मापाचे नसतात, हे डबेवाल्यांना कुणी सांगितलेलं नसावं. उजव्याने काम करणाऱ्याचा उजवा बहुधा थोडा मोठाच असतो. मग त्याने स्क्रूचं कडं दाखवलं. उघडतं, मिटतं, मापाची भानगडच नाही. किंमत ऐकून मीच ते मिटवलं.

शेवटी चॉकलेटी घेतल्या. साडीवर जात नाहीत. हेही म्हणाले, "जात नाहीत गं."

बिल मात्र छापील होतं. दुकानातल्या कॉम्प्युटरने शेवटचं शून्य खाऊन टाकलं होतं. मालाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'काच बांगडी, चॉकलेटी, माप २.१'. नवरीपेक्षा लहान. जावेपेक्षा तर कितीतरी लहान. फोटो काढला आणि ग्रुपवर अण्णांच्या तक्त्याखाली टाकला, 'सुधारित माप, जॉब थंड.' अण्णांनी लगेच विचारलंय, रीडिंग कुणी घेतलं.