तीन दिवसांत करिअर समुपदेशक होता येत नाही

दहावी-बारावीच्या निकालांच्या सुमारास शिक्षकांच्या आणि गृहिणींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. करिअर समुपदेशक होण्यासाठी पदवी लागत नाही, तीन दिवसांचे ऑनलाइन प्रशिक्षण पुरते, मुलाला काय जमेल ते चाचणीचे सॉफ्टवेअरच सांगते, आपण केवळ अहवाल समजावून द्यायचा आणि घरबसल्या महिन्याला लाख रुपये मिळवायचे, असा त्याचा आशय असतो. हे काम मी बारा वर्षे करते आहे. या संदेशावर विश्वास ठेवून प्रशिक्षणाची फी भरलेल्या दोन निवृत्त शिक्षिका अलीकडे माझ्याकडे आल्या होत्या, म्हणून त्यातील एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

पदवीविषयीचे विधान अर्धे खरे आहे. वकिलाला सनद आणि डॉक्टरला नोंदणी लागते, तशी सक्ती करिअर समुपदेशकावर आपल्याकडे नाही. मात्र सक्ती नाही म्हणून शिक्षणही नको, हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. एनसीईआरटीची मार्गदर्शन व समुपदेशन पदविका एक वर्षाची आहे आणि तिच्यात दूरस्थ अभ्यासानंतर प्रत्यक्ष वर्ग व शेवटी प्रात्यक्षिक काम येते. या क्षेत्रात बहुतेक जण मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र किंवा समाजकार्य शिकून येतात आणि पुढे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काही काळ काम करतात. मुलाऐवजी वडीलच उत्तरे देत असताना त्यांचा मान राखून त्यांना थांबवायचे आणि मुलाला बोलते करायचे, हे दुसऱ्याच्या शेजारी बसून, चुका दुरुस्त करून घेतच शिकावे लागते.

सर्वांत घातक विधान चाचणीविषयीचे आहे. कल आणि अभिक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : मुलाला काय आवडते हे कलचाचणी सांगते, काय जमण्याची शक्यता आहे हे अभिक्षमता चाचणी सांगते, आणि दोन्हींची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. राज्य मंडळाने 2016 मध्ये दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली, तेव्हा तिचा निकाल प्रवेशासाठी बंधनकारक नव्हता. तरीही कित्येक घरांत तो कागद निवाड्यासारखा वाचला गेला. शिवाय अहवालातला पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती मुलांच्या पुढे हे मूल आहे तो आकडा, कोणत्या तरी गटाच्या तुलनेत काढलेला असतो. तो गट शहरी, इंग्रजी माध्यमातल्या मुलांचा असेल, तर तालुक्याच्या मराठी शाळेतल्या मुलाचा आकडा त्याच्या बुद्धीइतकाच त्याच्या इंग्रजीविषयीही बोलत असतो. असा एक मुलगा माझ्याकडे आला होता. ‘तर्कक्षमता कमी’ असे अहवालात छापलेले होते आणि वडिलांनी विज्ञान शाखेचा विचार सोडून दिला होता. त्याच धर्तीचे प्रश्न मी त्याला मराठीत तोंडी विचारले, तेव्हा त्याने ते झरझर सोडवले. सॉफ्टवेअरला हे कळण्याचा काही मार्गच नव्हता. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता सांगणाऱ्या ‘डीएमआयटी’ला तर शास्त्रीय आधारच नाही, भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. ती चाचणी विकायला शिकवणाऱ्या प्रशिक्षणापासून दूर राहावे, असे मी निःसंकोचपणे सांगते.

अहवाल समजावून दिला की काम संपले, हेही खरे नाही. फ्रँक पार्सन्स यांनी 1908 मध्ये बोस्टनमध्ये व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. स्वतःची ओळख, व्यवसायांची माहिती आणि या दोहोंची विचारपूर्वक सांगड, अशी तीन अंगे त्यांनी या कामाची सांगितली. चाचणी हा त्यातल्या पहिल्या अंगाचा एक भाग आहे. दुसऱ्या अंगासाठी समुपदेशकाला सतत वाचत राहावे लागते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हे आजही अनेक पालकांना ठाऊक नसते. अकरावीला गणित सोडण्याचे परिणाम दोन वर्षांनी समोर येतात. जात वैधता प्रमाणपत्रासाठी वेळेत अर्ज केला नाही, तर चांगले गुण असूनही केंद्रीय प्रवेशप्रक्रियेच्या (कॅप) फेरीत राखीव जागा हातची जाऊ शकते. तिसऱ्या अंगात घरची ऐपत, वसतिगृहाचा खर्च, मुलीला परगावी पाठवण्याची भीती, असे सगळे येते आणि त्यासाठी एका कुटुंबाबरोबर दोन-तीन बैठका सहज लागतात.

राहिले लाख रुपये. खासगी काम करणाऱ्याकडे गर्दी होते ती मुख्यतः निकाल आणि प्रवेशांच्या काळात. उरलेले महिने शाळांतील सत्रे आणि अभ्यास यांत जातात, आणि पहिली काही वर्षे एवढ्यावर घर चालत नाही. नवख्याला लाखाचा आकडा लवकर दिसतो तो एकाच मार्गाने : विद्यार्थी पाठवण्याबद्दल खासगी महाविद्यालय किंवा क्लास जे कमिशन देतो, ते घेऊन. मलाही तशी विचारणा झाली आहे आणि मी ती नाकारली, कारण पालकांकडून सल्ल्याची फी घ्यायची आणि त्याच सल्ल्याचे पैसे महाविद्यालयाकडूनही घ्यायचे, ही त्या मुलाची फसवणूक आहे. त्या दोन शिक्षिकांना मी प्रशिक्षणाचे साहित्य पुन्हा उघडायला लावले, तेव्हा कमाईच्या प्रकरणात कमिशनचे दर छापलेले सापडले.