‘आधी स्वतःचं इंग्रजी तपासा’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

‘मेझर अप आणि लिव्ह अप टू एकच, उगाच फाटे फोडता, उदाहरणं शाळकरी, आधी स्वतःचं इंग्रजी तपासा,’ ही ‘मेझर अप’ (कसाला उतरणं) आणि ‘लिव्ह अप टू’ (नावाला, अपेक्षेला जागणं) यांच्यातला फरक सांगणाऱ्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया उडवलेली नाही. लोकांनाही वाचू दे.

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. मी त्याआधीचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवलेला. पुढे बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या पोरांना रात्री शिकवलं. त्यातली काही आज तुमच्यापेक्षा बरं इंग्रजी बोलतात. निदान अदबीनं तरी बोलतात.

तपासायचंच आहे ना? मग तुमचंच ‘ही डिड नॉट लिव्ह अप’ घेऊ. लिव्ह अपपुढे टू लागतो आणि टूपुढे काहीतरी लागतंच: नाव, वचन, अपेक्षा. ‘ही डिडन्ट मेझर अप’ मात्र तिथंच पुरं होतं, कोणत्या मापानं ते संदर्भावरून कळतं. दोन्ही एकच असती तर तुमचं वाक्य असं अधांतरी लटकलं नसतं.

रोहन गावसकर ११ एकदिवसीय सामने खेळला, कसोटी एकही नाही. कसोटीसाठी मेझर अप झाला नाही म्हणालात, तर बोलणं त्याच्या खेळाचं. लिव्ह अप टू द नेम म्हणालात की वडील मैदानात आले! ते नाव काही त्यानं मागून घेतलं नव्हतं.

एक मान्य. ब्रिटनमध्ये पडद्यांसाठी खिडकीचं माप घेण्यालाही मेझर अप म्हणतात, हे तुमचं बरोबर. पण माझा लेख कसाला उतरण्याबद्दल होता, शिवणकामाबद्दल नव्हता.

कम अप टू स्क्रॅच, म्हणजे हव्या त्या दर्जाला उतरणं, यात ओरखडा कुठून आला, असंही विचारलंत. त्यातला स्क्रॅच म्हणजे ओरखडा नव्हे, हे लेखात आहे. मुष्टियुद्धाच्या रिंगणातली ती रेघ. १८३८ च्या लंडनच्या नियमांत खाली पडलेल्याला ३० सेकंद विश्रांती, मग ८ सेकंदांत कुणाच्या आधाराविना रेघेपर्यंत यायचं. तिथवर वाचलं असतंत तर प्रश्न पडला नसता.

उदाहरणं शाळकरी आहेत कारण माझे बरेच वाचक शाळेत जातात.

आणि हो, एक्स्पेक्टेशन्सबरोबर दोन्ही चालतात, हे मलाही ठाऊक आहे. तेवढ्या एका शब्दावर ‘एकच’चा डोलारा उभारू नका.