अमेरिकेतली दारूबंदी ‘बायकांनी लादली’ म्हणणाऱ्यांना

‘अमेरिकेत बायकांना मताचा अधिकार मिळाला आणि त्यांनी पहिलं काम काय केलं, तर दारूबंदी. कुऱ्हाडी घेऊन फिरणाऱ्या धर्मवेड्या बायांपायी देश गुंडांच्या हाती गेला. शेवटी पुरुषांनीच शहाणपणाने बंदी उठवली.’ हा मजकूर सध्या जोरात फिरतोय. गुंडांचं राज्य फोफावलं हे खरं आहे. बाकीचं टिकत नाही.

आधी तारखा. दारूबंदीची १८वी घटनादुरुस्ती काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, डिसेंबर १९१७मध्ये मंजूर केली आणि ती जानेवारी १९२०मध्ये लागू झाली. बायकांना देशभर मताधिकार देणारी १९वी दुरुस्ती पक्की झाली ऑगस्ट १९२०मध्ये. म्हणजे बंदी आधी, मत नंतर. पश्चिमेकडच्या काही राज्यांत बायका त्याआधीही मत देत होत्या, हे मान्य. पण बंदी मंजूर करणाऱ्या त्या काँग्रेसमध्ये बाई होती एकच, मोंटानाच्या जेनेट रँकिन.

मग बंदी आणली कुणी? १८९३मध्ये ओहायोत निघालेली अँटी-सलून लीग ही गुत्त्यांविरोधी संघटना आणि तिचे वेन व्हीलर यांच्यासारखे पुढारी. हव्या त्या उमेदवाराला निवडून आणायचं, नको त्याला पाडायचं, हे त्यांचं तंत्र. १९१३मध्ये आयकराची सोय झाली आणि सरकारचं दारूवरच्या करावाचून अडेनासं झालं. १९१७मध्ये जर्मनीशी युद्ध सुरू झालं, आणि बीअरचे बडे कारखानदार तर बहुतेक जर्मन वंशाचे!

कुऱ्हाडवाली बाई म्हणजे कॅरी नेशन. तिचा पहिला नवरा डॉक्टर होता, दारूने गेला. १९०० सालापासून तिने कॅन्ससमधले गुत्ते फोडले. पण त्या राज्यात १८८१पासूनच दारूबंदी होती. ते गुत्ते बेकायदा होते, अधिकारी काणाडोळा करत होते, हे कुणी सांगत नाही. शिवाय एका कॅरीवरून चळवळ ओळखू नये. डिसेंबर १८७३मध्ये ओहायोतल्या हिल्सबरोच्या बायका घोळक्याने गुत्त्यांवर गेल्या, त्या रिकाम्या हातांनी. मालकाला विनवायचं, दारू न विकण्याच्या प्रतिज्ञापत्रावर सही मागायची. आत घेतलं नाही तर दाराबाहेरच, बर्फात, गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची.

आणि ‘धर्मवेड्या’? श्रद्धाळू त्या होत्याच. पण नवऱ्याने पगार गुत्त्यात उडवला, घरी येऊन मारहाण केली, तर त्या काळची बायको करणार काय? मत नाही, घटस्फोट अवघड, आणि कित्येक ठिकाणी मालमत्तेवर आणि मुलांवर पहिला हक्क नवऱ्याचा. गुत्ता बंद करा ही मागणी या कोंडीतून आली होती. इतिहासकार रूथ बॉर्डिन यांनी १९८१मध्ये वुमन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन या बायकांच्या दारूविरोधी संघटनेचा अभ्यास मांडला, त्याचं सारच असं की सार्वजनिक कामात उतरायची वाट हजारो बायकांना इथे सापडली. १८७४मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या फ्रान्सिस विलर्ड १८७९पासून अध्यक्ष होत्या. बालवाड्या, आठ तासांचा कामाचा दिवस, तुरुंगातल्या बायकांसाठी स्त्री-कर्मचारी, मताधिकार, सगळं त्यांनी हाती घेतलं. डेलावेअरमध्ये तेव्हा मुलीचं संमतिवय, म्हणजे शरीरसंबंधाला संमती देण्याचं कायदेशीर वय, होतं ७ वर्षं. ते वाढवा म्हणून १८८०च्या दशकात या बाया सह्या गोळा करत होत्या. १८९१च्या संमतिवयाच्या वादाने आपल्याकडे केवढा गदारोळ उठला, तो आठवा. आपल्या पंडिता रमाबाई १८८६मध्ये अमेरिकेत गेल्या, विलर्डबाईंना भेटल्या आणि या कामाने भारावल्या. रमाबाईंनाही आपण धर्मवेड्या म्हणून हसून सोडून देणार का?

खरी टीका करायची तर कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी केली तशी करा. कृष्णवर्णीयांना जमाव ठार मारत असताना विलर्डबाई अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्यांची मर्जी राखत बोलल्या. वेल्स यांनी १८९४मध्ये इंग्लंडमध्ये जाहीरपणे त्यांना जाब विचारला. तो डाग पुसता येत नाही.

राहिले ‘शहाणे पुरुष’. बंदी उठवण्यासाठी १९२९मध्ये बायकांची मोठी संघटना उभी केली पॉलिन सेबिन यांनी. आपल्या दोन मुलांच्या भल्यासाठी त्या आधी बंदीच्या बाजूने होत्या. पुढे चोरट्या दारूचे धंदे आणि कायद्याची उडवली जाणारी खिल्ली पाहून त्यांचं मत बदललं, आणि मुलांच्याच काळजीपोटी त्या विरोधात उतरल्या. डिसेंबर १९३३मध्ये बंदी उठली, तोवर आपल्या सभासद दहा लाखांवर गेल्याचं ही संघटना सांगत होती.