किशोरी गटाची यादी आणि ‘लपवण्यासारखं काय आहे?’

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सारखा फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: मुलांना खेळात पुढे न्यायचं तर क्लब मागेल तो कागद बिनघोर द्या, कागदांशिवाय वयचोरी, म्हणजे वय कमी दाखवून लहान गटात खेळणं, थांबणार नाही, आधारची झेरॉक्स ग्रुपवर टाकली तर काय बिघडलं, लपवण्यासारखं काय आहे, आणि माहितीचा तो नवा कायदा मोठ्या कंपन्यांसाठी आहे. मुलींच्या कबड्डी संघाची कागदपत्रं तीन वर्षं मीच सांभाळतेय, म्हणून लिहिते.

वयचोरीचं म्हणणं अर्धं खरं आहे. किशोरी गटात एकोणीस वर्षांची मुलगी उतरली, तर तिच्या पकडीत सापडलेल्या चौदा वर्षांच्या मुलीला जबर इजा होऊ शकते, आणि निवड चाचणीत कुणाची तरी हक्काची जागा जाते. वय तपासलंच पाहिजे. पण तपासायला कागद साठवावा लागत नाही. आयोजकांनी मूळ जन्मदाखला टेबलावर पाहावा, यादीत तशी नोंद करून सही करावी आणि दाखला तिथल्या तिथे परत द्यावा.

त्यातही आधार हा वयाचा कागदच नव्हे. आधार ओळखीसाठी आहे, तो जन्मतारखेचा पुरावा मानू नये, हे ते देणाऱ्या प्राधिकरणानेच 2023 च्या परिपत्रकात म्हटलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपघात भरपाईच्या एका प्रकरणात वय ठरवताना आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. फक्त ओळख पटवायची असेल, तर शेवटचे चार आकडेच दिसणारं मास्क्ड आधार चालायला हवं.

आता ‘लपवण्यासारखं काय आहे?’ गेल्या वर्षी एका स्पर्धेआधी ग्रुपवर बारा मुलींची यादी पडली. नाव, फोटो, शाळा, जन्मतारीख, आईचा मोबाइल, वजन, शेवटच्या रकान्यात आजार. एकीला फिट येतात हे प्रशिक्षकाला माहीत असायलाच हवं, सामन्यात त्यावर तिचा जीव अवलंबून असू शकतो. पण ते सगळ्या ग्रुपला कशाला? ती मुलगी आठवडाभर सरावाला आली नाही. त्याच ग्रुपवर सरावाची वेळ आणि मैदानही होतं. म्हणजे कोणती मुलगी संध्याकाळी किती वाजता कुठून घरी निघते, हे त्या यादीवरून कुणालाही कळलं असतं. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जन्मतारीख कशी बदलणार?

कायद्याचं म्हणाल तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 चा आहे. त्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक, आणि त्याची माहिती वापरण्याआधी आई-वडिलांची पडताळणीयोग्य संमती हवी. काही अटींवर शाळा, दवाखाने, पाळणाघरं यांना यातून सूट आहे. त्या यादीत खेळाचे क्लब नाहीत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि संमतीची ही सक्ती त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये सुरू होते. मुलांच्या माहितीबद्दलची ही जबाबदारी मोडली, तर दंडाची कमाल मर्यादा 200 कोटी रुपये आहे. छोट्या क्लबला तेवढा दंड बसेल असं म्हणून मी कुणाला घाबरवणार नाही, पण ‘आपल्याला लागूच नाही’ हे चूक आहे.

फोटोंचं एवढंच: विजेत्या संघाचा फोटो जरूर टाकावा, सामना संपल्यावर, संघाच्या नावाने. खाली प्रत्येकीचं पूर्ण नाव आणि शाळा लिहायची गरज नसते.

या मोसमात मी जुन्या झेरॉक्स पालकांना परत केल्या आणि आजारांची नोंद फक्त प्रशिक्षकाच्या वहीत ठेवली. एका आईने विचारलं, ग्रुपवर पडलेल्या त्या यादीचं काय? ग्रुपवरून ती काढली आहे. पण तोवर कुणाकुणाच्या फोनमध्ये उतरली, ते मी तिला सांगू शकले नाही.