‘गिटारचा जीवच काढला’ या रिव्ह्यूला स्टुडिओकडून उत्तर

नमस्कार. समोरासमोर मी तुम्हाला ‘तू’ म्हणतो आणि तुम्ही मला ‘दादा’. इथे चारचौघांत लिहितोय म्हणून ‘तुम्ही’.

बाकीच्यांना संदर्भ लागेल, म्हणून तुमच्या तक्रारी थोडक्यात लिहितो. बँडच्या चार गाण्यांच्या मिक्सिंगचे (रेकॉर्ड केलेले वेगवेगळे ट्रॅक जुळवून गाणं तयार करण्याचे) १२ हजार घेतले. गिटारचा जीव काढला. ड्रम्स पत्र्याच्या डब्यासारखे लागतात, आणि मशीनने वाजवल्यासारखे. घरी केलेला डेमोच याहून लाऊड होता. आठ दिवस सांगून सतरा लावले. ‘एक स्टारसुद्धा द्यावा लागतो म्हणून दिला’ हेही वाचलं.

उशिराचं आधी, कारण त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मधे एका ढोल-ताशा पथकाचं काम आलं, गणपती तोंडावर होते, रोख पैसे मिळत होते, आणि मी तुमची गाणी बाजूला ठेवली. तुम्ही दोनदा मेसेज केलात, दोन्ही वेळा मी ‘आज रात्री पाठवतो’ म्हणालो. दोन्ही वेळा मला माहीत होतं की पाठवणार नाही.

आता गिटार. इथे मला जरा सविस्तर बोलू द्या.

तुमच्या फोल्डरमध्ये प्रत्येक गाण्याचे दोन गिटार ट्रॅक होते, एक लेफ्ट, एक राइट. हेडफोनवर ते मस्त रुंद वाटले. मग सवयीप्रमाणे मोनोत, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून ऐकले, तर आवाज एकदम पोकळ, जणू ड्रेनेजच्या पाइपात बसून कोणी वाजवतंय. शंका आली. राइटचा ट्रॅक हळूहळू मागे ओढला, १० मिलिसेकंद ओढल्यावर तो लेफ्टवर तंतोतंत बसला. एकाची फेज उलटी केली, म्हणजे लाट खाली-वर उलटवली, आणि दोन्ही एकत्र सोडले (हुबेहूब सारखे ट्रॅक असे एकमेकांना पुसून टाकतात). काहीच ऐकू येईना. एसीची घरघर तेवढी. म्हणजे ते दोन टेक नव्हतेच, एकच टेक कॉपी करून सरकवला होता.

यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या रेकॉर्डिंगला मीही हेच केलं होतं. पण १० मिलिसेकंदांनी सरकलेली कॉपी मूळ आवाजात मिसळली की ५०, १५०, २५० हर्ट्झ असे दर १०० हर्ट्झवर खड्डे पडत जातात. पावसाळ्यातला घोडबंदर रोड. हेडफोनमध्ये डावा-उजवा कान वेगळा असल्यामुळे ते कळत नाहीत. मित्राच्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर, जिथे दोन्ही बाजू एकत्र होतात, तिथे गिटार खिळखिळी होते. म्हणून मी कॉपी काढून टाकली, एक गिटार थोडी डावीकडे ठेवली आणि उजवीकडे तिचाच छोटासा रूम रिव्हर्ब, म्हणजे खोलीचा घुमारा दिला. तुम्हाला जीव गेल्यासारखं वाटलं ते यामुळे, आणि तुमचे कान खोटं सांगत नाहीत. रुंदी गेलीच आहे. ती मी मुद्दाम घालवली.

खरी रुंदी हवी असेल तर तोच रिफ दोनदा वाजवावा लागतो. दुसऱ्या वेळी हात कुठे केसभर पुढे जातो, कुठे मागे राहतो, स्ट्रोकचा जोर बदलतो. तो फरक डावीकडे एक आणि उजवीकडे एक असा ठेवला की भिंत उभी राहते. कंटाळवाणं काम आहे, बोटं दुखतात. त्याला प्लग-इन नाही.

दुसरी गोष्ट गेनची, म्हणजे गिटारला किती डिस्टॉर्शन द्यायचं त्याची. सगळ्या ट्रॅकवर गेन जवळपास शेवटपर्यंत. घरी एकट्याने वाजवताना ते भारी लागतं, कळतं मला. पण डिस्टॉर्शन म्हणजे लाटेचं डोकं छाटणं. गेन जितका जास्त, तितका जोरात मारलेला आणि हळू मारलेला स्ट्रोक एकाच उंचीचा होतो. पिक तारेवर आदळल्याचा ठोका जातो, उरतो तो सलग खरखरीचा पट्टा. तो पट्टा स्नेअर ड्रमच्या दोन ठोक्यांमधली जागासुद्धा भरून टाकतो, मग ड्रमर कितीही जोरात वाजवो. रिहर्सलला ठेवता त्यापेक्षा रेकॉर्डिंगला गेन कमी ठेवायचा आणि जाडी दुसऱ्या टेकमधून आणायची, असं बरेच जण करतात ते याचसाठी. तुम्ही कोरडा सिग्नल, म्हणजे डीआय, सोबत रेकॉर्ड केला असता तर मी तो वेगळ्या अॅम्पमधून काढला असता. आला तो अॅम्प सिम्युलेटर लावून छापलेला आवाज. त्यातला गेन परत काढता येत नाही.

‘खालचा सगळा दम कापला’ असंही लिहिलंय. कापला आहे, ९० हर्ट्झच्या आसपास. स्टँडर्ड ट्युनिंगमध्ये गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झला वाजते, बासची ४१ ला. छातीवर बसतो तो दणका बास आणि किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) असतो, गिटारचा नाही. गिटार तिथे घुसली की तिघांचा मिळून गाळ होतो. तुम्ही स्टेम्स, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइल मागितल्यात आणि गिटार सोलो करून, म्हणजे एकटीच ऐकलीत. सोलोमध्ये ती पातळ लागणारच. बास म्यूट करून पूर्ण गाणं ऐका, गिटारचं निम्मं वजन बासने उचललेलं होतं हे लक्षात येईल. (तुमचा बासिस्ट चांगला आहे. रिव्ह्यूमध्ये त्याचा उल्लेखही नाही.)

ज्या पथकामुळे तुम्हाला उशीर झाला, त्यांच्याकडेच बघा. ढोल ताशांपेक्षा कितीतरी जास्त, तरी ताशा गल्लीच्या टोकापर्यंत स्पष्ट जातो, कारण ढोल खाली आणि ताशा वर, दोघांच्या जागा वेगळ्या. कोणी कोणाच्या अंगावर बसत नाही. तुमच्या चार गाण्यांत सगळेच ढोलाच्या जागेवर बसले होते.

ड्रम्सबद्दल तुम्ही निम्मे बरोबर आहात.

डब्याचा आवाज माझ्याकडे आला तेव्हाच होता. वागळे इस्टेटच्या गाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली, चार माइक: किक, स्नेअर आणि दोन ओव्हरहेड, म्हणजे ड्रम्सच्या वर लावलेले. जागा वाईट नाही, मला तर तो दणदणीत रूम साउंड आवडला. गोंधळ ओव्हरहेडचा आहे. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून आणि ट्रॅकमधल्या अंतरावरून एक माइक स्नेअरपासून साधारण एक मीटरवर होता, दुसरा १.७ मीटरवर. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे त्या ७० सेंटिमीटरला २ मिलिसेकंद. दोन माइक एकत्र केले की पहिला खड्डा बरोबर २५० हर्ट्झच्या जवळ पडतो, आणि स्नेअरचं पोट तिथेच असतं. पोट गेलं, वरचा टणत्कार राहिला. डबा.

४८ किलोहर्ट्झच्या सेशनमध्ये (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) लांबचा ओव्हरहेड ९८ सॅम्पल, म्हणजे तेच २ मिलिसेकंद, अलीकडे घेतला, तेव्हा स्नेअरला अंग आलं. पण प्रत्येक झांज आणि टॉम माइकपासून आपापल्या अंतरावर असतात, त्यामुळे स्नेअर जुळली की फ्लोअर टॉम बिघडतो. पुढच्या वेळी एक दोरी घ्या. स्नेअरच्या मधोमध धरा आणि दोन्ही माइक त्याच लांबीवर लावा. प्रसिद्ध इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ड्रम माइकिंग पद्धतीतही वरचा आणि बाजूचा माइक स्नेअरपासून सारख्याच अंतरावर ठेवतात. खर्च शून्य.

आता उरलेले निम्मे. स्नेअरच्या माइकमध्ये हाय-हॅट इतकी भरली होती की मी चारही गाण्यांत खाली एक सॅम्पल, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेला स्नेअरचा तयार ठोका मिसळला. तुम्हाला विचारलं नाही. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या गाण्यात ते नीट बसलंय असं आजही म्हणेन. तिसऱ्यात, शेवटच्या वेगवान भागात, तुमचा ड्रमर हळू-जोरात असे बारीक ठोके घेतो, आणि माझं सॅम्पल प्रत्येक ठोक्याला एकाच ताकदीने वाजतं. ‘मशीन’ म्हणालात ते तिथे शंभर टक्के खरं आहे. रिव्ह्यू वाचून काल रात्री परत ऐकलं. तो मुलगा घाम गाळून वाजवतोय आणि मी त्याच्यावर इस्त्री फिरवली आहे. त्याला माझ्याकडून सॉरी सांगा.

लाऊडनेसचं थोडक्यात. तुमचा डेमो मोजला, –६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं मोठं). माझं मिक्स –१०. स्पॉटिफायच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये दोन्ही साधारण –१४ वर आणून वाजवले जातात, म्हणजे डेमो ८ डीबी खाली जाईल, मिक्स ४. डेमो तिथे मोठा वाजणार नाही, फक्त लिमिटरखाली (आवाजाची टोकं दाबून धरणाऱ्या साधनाखाली) चेपलेली किक चेपलेलीच राहील. दोन्ही फाइल सारख्या आवाजावर लावून मग ठरवा. तरीही डेमोच आवडला तर माझं काही म्हणणं नाही, गाणी तुमची आहेत.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तिथेच मी चुकलो. फोल्डर उघडून तासाभरात तुम्हाला फोन करायला हवा होता की बाबांनो, गिटार परत वाजवून आणा, त्याशिवाय मी पैसे घेत नाही. तसं केलं असतं तर काम लांबलं असतं, कदाचित हातचंही गेलं असतं. मी गप्प बसलो आणि ठिगळं लावत राहिलो.

तर आता असं करतो. तिसऱ्या गाण्याचे ३ हजार आज सकाळी तुमच्या खात्यावर परत केलेत, बघून घ्या. बाकीचे ९ हजार परत करणार नाही, कारण ते काम झालेलं आहे आणि मी त्याच्या बाजूने उभा आहे. चारही गाण्यांच्या गिटार पुन्हा रेकॉर्ड करून आणल्यात तर मिक्स परत करून देईन, त्याचे वेगळे पैसे नाहीत. गेन अर्ध्यावर, प्रत्येक भाग दोनदा वाजवून, डीआय सोबत. घरी जमत नसेल तर इथे नौपाड्यात येऊन वाजवा, मात्र रात्री दहाच्या आत. वरच्या मजल्यावरच्या आजींनी मला आतापर्यंत खूप सांभाळून घेतलंय. तिसऱ्या गाण्यातलं सॅम्पल मी तोपर्यंत काढून ठेवतो.

रविवारी येऊ नका, मेगाब्लॉकमध्ये अडकाल. शनिवारी दुपारी या, ड्रमरलाही आणा. स्नेअर किती ठेवायची ते त्याला शेजारी बसवूनच ठरवू.